धोटा, पीक आणि स्पर्धा

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग चालवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे त्यांना पाठबळ होते. पुढे एकाचे पाहून दुसऱ्याने घराच्या सोप्यात दोन-चार माग टाकले आणि गावाचे वस्त्रनगर झाले. लहान धंद्यात नवी युक्ती अशीच पसरते. तिला कुलूप लावता येत नाही. आमच्या ओळखीच्या एका जॉबरने धोटा आपटतो तेथे जुन्या पट्ट्याचे चामडे बसवले. झीज कमी झाली. आठवडाभरात सगळ्या गल्लीत तेच चामडे! जॉबरला मात्र चहा मिळाला.

आता श्रोत्यांनी हिशेब ध्यानात घ्यावा. 'खर्ची'वर काम करणाऱ्या मालकाचा माग स्वतःचा, पण सूत व्यापाऱ्याचे आणि कापडही व्यापाऱ्याचेच. त्याला मिळतो तो विणाईचा दर. एका इंचात आडवे धागे किती, म्हणजे पीक किती, यावर तो ठरतो. सगळ्यांचे माग सारखे, कापड सारखे. मग स्पर्धा करायची कशात? शेजाऱ्यापेक्षा पैसा-दोन पैसे कमी घेण्यात. ती तूट शेवटी कामगाराच्या मजुरीतून आणि कांडीवाल्या बाईच्या हजेरीतून भरून निघते.

साध्या मागावर लाकडी धोटा पोटात कांडी घेऊन धावतो, थांबतो, परत फिरतो. मिनिटाला साधारण दीडशे फेका. एअरजेट मागावर हवेचा झोत नुसता धागा नेतो, तो सहाशेच्याही पुढे जातो. पण असा माग घेण्यास शिल्लक लागते आणि दर पाडण्याच्या चढाओढीत शिल्लक उरत नाही. १९९९ साली केंद्र सरकारने तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आणून व्याजात ५ टक्के सवलत दिली. सवलत खरी, पण ती आधी कर्ज मिळेल त्यालाच. चार जुन्या मागांवर बँक किती कर्ज देणार? शिवाय मजूर स्वस्त असला की मालकालाही जुना माग पुरतो. स्वस्त मजुरी नव्या यंत्राची वाट अडवते, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने. मालकांची कड घेतली म्हणून आमचेच काही सोबती रागावतात, रागावोत.

मजुरीच्या बोलणीत आमच्यासमोर हा चार मागांचा मालक बसतो. व्यापारी त्या खोलीत नसतोच. विणाईचा दर आणि कामगाराची मजुरी एकाच बैठकीत, व्यापाऱ्याला बसवून ठरवा, एवढीच आमची मागणी आहे.