“मला काय झालंय?” म्हणणाऱ्या घरच्या माणसासाठी

बचत गटाची बैठक संपली, हिशोबाची वही मिटली की दोघी-तिघी मागं रेंगाळतात. त्यांना कर्जाचं बोलायचं नसतं. “मालक रात्र-रात्र जागे असतात, कुणाशी बोलत नाहीत. दवाखान्यात चला म्हणलं की अंगावर येतात. ‘मी काय येडा हाय का?’ म्हणतात.” जिंतूर असो की गंगाखेड, शब्द थोडे बदलतात, गोष्ट तीच असते. म्हणून आज त्याच माणसाबद्दल बोलू, ज्याला मदतीची गरज आहे पण मदत नको आहे.

तो नाही का म्हणतो, हे आधी समजून घेऊ. गावात नाव होईल, पोरीच्या सोयरिकीत अडचण येईल, ही भीती असते. सोयाबीन पावसात गेलं, सोसायटीचं थकलं, त्यात दवाखान्याचा खर्च कुठून करायचा, हा हिशोब असतो. शिवाय घरचा कर्ता म्हणून आजवर त्यानं दुसऱ्याला आधार दिलेला असतो, स्वतः आधार घ्यायची सवय नसते. आणि एक कारण आजारातच असतं. उदासीचा आजार माणसाची आशाच खातो. “काही उपयोग नाही” हे तो आपल्याला टाळायला म्हणत नाही, त्याला खरंच तसं वाटत असतं. म्हणून त्याच्याशी वाद घालून जिंकता येत नाही.

आपल्याकडं म्हणतात, “लई इचार करतो.” आफ्रिकेतल्या झिम्बाब्वे देशातही असाच शब्द आहे, कुफुंगिसिसा. त्याचा अर्थ, फार विचार करणं. तिथं मनाचे डॉक्टर बोटावर मोजण्याइतके. मग 2006 साली डॉ. डिक्सन चिबांडा यांनी हरारे शहरात 14 आज्यांना शिकवून तयार केलं. दवाखान्याच्या आवारात एक बाकडं टाकलं, आजी त्यावर बसायची आणि आलेल्याचं ऐकून घ्यायची. आजी “तुला आजार आहे” असं म्हणत नव्हती. सगळ्या अडचणींतली एक अडचण निवडायची आणि त्यावर काय करता येईल ते दोघांनी मिळून ठरवायचं, एवढंच. पुढं अभ्यास झाला तेव्हा लोकांना याचा चांगला फायदा झाल्याचं दिसलं. आपल्या ओट्यावर, पारावर हे जमणार नाही असं मला तरी वाटत नाही.

आता बोलायचं कसं? चारचौघांत नाही, लेकरांसमोर नाही, आणि प्यायलेला असताना तर मुळीच नाही. शेताच्या वाटेवर, बैलांना पाणी दाखवताना, शेजारी-शेजारी चालत असताना पुरुष माणूस जास्त बोलतो. समोर बसवलं की त्याला पंचायत बसल्यासारखं वाटतं. “तुम्ही असे का झालात” असं विचारू नका. जे दिसतंय ते सांगा. “अहो, आठ दिवस झाले, तुम्ही अर्धी भाकर ठेवून उठताय. मला काळजी वाटते.” एवढं बोलून गप्प बसा. हे गप्प बसणं आपल्याला अवघड जातं, लगेच उपदेश सुरू होतो.

मनाचं नाव काढलं की बिथरत असेल तर झोपेपासून सुरुवात करा. झोप नाही, भूक नाही, डोकं दुखतं, हे खरंच आहे. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात चला म्हणणं ही फसवणूक नव्हे. डॉक्टरांना बाकीचं तुम्ही सांगा. तुमचं ऐकत नसेल तर कुणाचं ऐकतो ते बघा. मामा असेल, भजनी मंडळातला जोडीदार असेल. आशाताईंनाही सांगून ठेवा. 2015 मध्ये सरकारनं मराठवाडा-विदर्भाच्या 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, तेव्हा घरोघरी जाऊन अशी माणसं ओळखायचं काम आशाताईंकडंच दिलं होतं. आपला परभणी जिल्हा त्यात होता.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. दारू सोडवायची पुडी नकळत चहात, भाजीत घालणं. भिंतीवर जाहिराती असतात, बाया कुणाला न सांगता विकत आणतात. त्यातल्या काही औषधांवर दारू प्यायली तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं. शिवाय कळलं की विश्वास संपतो. आणि रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नका. झटके येतात, भ्रम होतो. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

त्याचं “नको” कधी ऐकायचं नाही, तेही सांगते. “मी नसलो तर बरं होईल” असं बोलणं, अचानक निरवानिरव करणं, लेकरं कुणाच्या तरी हवाली करायची भाषा. अशा वेळी सरळ विचारा, “जीव द्यायचा विचार मनात येतो का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून हलवा, दुसऱ्याकडं कुलपात ठेवा. धोका समोर दिसत असेल तर 108 ला फोन करा. केस होईल म्हणून लपवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, असं ठरवलं आहे.

आणि तुमचं काय? तो तयार होईपर्यंत महिने जातील. तोवर तुमचं जेवण, झोप, गटाची बैठक चालू ठेवा. त्याची दारूची उधारी फेडायला गटातून कर्ज उचलू नका, हे मी अध्यक्षांनाही सांगते. मारहाण होत असेल तर तो आजार म्हणून सोसायचा विषय नाही, 181 वर फोन करा. पुण्यात 1986 पासून चालणाऱ्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पिणाऱ्यांच्या बायकांसाठीही काम होतं, कारण घरातली बाईही तेवढीच थकलेली असते.

टेलिमानसचा नंबर आहे 14416. दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो यायला तयार नसला तरी तुम्ही स्वतः फोन करून “माझ्या घरात असं-असं आहे, मी काय करू?” विचारू शकता. नंबर बचत पुस्तिकेच्या मागच्या पानावर आत्ताच लिहून घ्या. परत सांगते, एक चार चार एक सहा.