मेमरी नेमकी कुणाच्या नावे पडते?

लकडगंजात, वखारी आणि आरामशिनींच्या गल्लीत, एखाद्या व्यापाऱ्याच्या ऑफिसात ८ जीबी रॅमचा लिनक्स सर्व्हर आहे असं धरा. दिवसा त्यावर बिलिंग आणि डेटाबेस, रात्री बॅकअप. बॅकअपने डेटाबेसची मेमरी खाऊ नये म्हणून त्याचा वेगळा सीग्रुप, म्हणजे प्रोसेसचा गट, करून ५१२ एमबीची मर्यादा घातली. रात्री बघावं तर गटाचा वापर ५१२ ला टेकलेला. 'मेमरी लीक होतेय' असं ठरवून मर्यादा १ जीबी केली, तर आकडा १ जीबीला टेकला!

मुळात लीक नाहीच. त्या गटाची मेमरी.स्टॅट ही फाइल उघडा: 'अ‍ॅनॉन' या ओळीत, म्हणजे प्रोग्रॅमच्या स्वतःच्या डेटासाठी, वीसेक एमबी दिसतील आणि बाकी जवळपास सगळं 'फाइल' या ओळीत. ती पेज कॅशे. बॅकअपने वाचलेल्या फाइलींची पानं कर्नल पुन्हा लागतील म्हणून रॅममध्ये ठेवतं आणि ती त्याच गटाच्या नावे टाकतं. रिकामी रॅम ठेवून काय करायचंय, असा कर्नलचा रोखठोक हिशोब. मर्यादा वाढवली की कॅशेही वाढते.

यातूनच दुसरा गैरसमज निघतो: मर्यादेला टेकलं की प्रोग्रॅम मेला. तसं होत नाही. मेमरी.मॅक्स, म्हणजे आपण घातलेली ही मर्यादा, गाठल्यावर कर्नल आधी त्याच गटातली पानं मोकळी करू बघतं. न बदललेलं कॅशेचं पान सरळ टाकून देता येतं, कारण मूळ प्रत डिस्कवर असतेच. काहीच सुटत नसेल तेव्हा ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस मारणारी कर्नलची यंत्रणा, येतो, आणि तोही त्या गटापुरता. मेमरी.हाय ही मर्यादा याहून सौम्य. ती ओलांडली तर प्रोसेस हळू केल्या जातात, पण त्या मर्यादेपायी कुणाचा बळी जात नाही.

'टॉप'मधल्या प्रोसेसचे आकडे बेरजेला घेऊन गटाच्या आकड्याशी ताळा जुळवणारेही खूप. तो जुळायचा नाही. सामायिक लायब्ररीचं पान दहा प्रोसेस वापरत असतील तर 'टॉप' ते दहा वेळा दाखवतो, सीग्रुप एकदाच मोजतो. तेही कुणाच्या नावे? ज्या गटाने ते पहिल्यांदा मेमरीत आणवलं त्याच्या. वखारीत एका गिऱ्हाइकाच्या नावे मांडलेली फळी पुढे दुसऱ्याने वापरली, तरी खातं पहिल्याचंच, असा हा व्यवहार. प्रोसेस उचलून दुसऱ्या गटात टाकली, तरी आधी घेतलेली पानं जुन्याच खात्यावर राहतात. हे अन्यायाचं आहे खरं, पण स्वस्त आहे. हिस्से पाडत बसायचं तर साध्यासुध्या कामालाही त्याची किंमत मोजावी लागली असती.

उलट, मेमरी नुसती मागितली म्हणून खात्यावर पडत नाही. प्रोग्रॅमने २ जीबी मागितली आणि हात लावला १० एमबीला, तर नावे पडतात १० एमबीच. मोजणी पानांची होते, एक पान बहुधा ४ केबीचं.

या सगळ्याचा इतिहास तसा अलीकडचा. गूगलच्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये काम सुरू केलं, सीग्रुप जानेवारी २००८ च्या २.६.२४ कर्नलमध्ये आले. मेमरीचा हिशोब त्याच वर्षी एप्रिलमध्ये, २.६.२५ मध्ये आला. त्यामागे प्रामुख्याने आयबीएमचे बलबीर सिंग आणि ओपनव्हीझेडचे पावेल एमेल्यानोव्ह. तेव्हा कर्नलने स्वतः वापरलेली मेमरी हिशोबात नव्हती; ती २०१३ च्या ३.८ पासून येऊ लागली. आज दुसऱ्या आवृत्तीच्या सीग्रुपमध्ये थ्रेडचे स्टॅक, सॉकेटचे बफर हेही गटाच्या नावे पडतात. ६४-बिट इंटेल-एएमडी मशीनवर दर थ्रेडमागे कर्नल स्टॅक १६ केबी, म्हणजे २००० थ्रेडचे ३१ एमबीच्या वर. 'माझा प्रोग्रॅम तर एवढं घेत नाही' म्हणणाऱ्याचा फरक बऱ्याचदा इथे सापडतो.

कंटेनरची मर्यादाही सीग्रुपचीच, पण आत 'फ्री' टाइप करून आपली मर्यादा कळते असं मानू नका. तो आकडा सहसा अख्ख्या मशीनचा असतो.

सगळ्यात महागात पडतो तो शेवटचा समज: मर्यादा घातली म्हणजे दुसऱ्यासाठी जागा राखली. मॅक्स एकाला अडवतो, दुसऱ्याला काही देत नाही. डेटाबेस वाचवायचा असेल तर डेटाबेसच्याच गटाला मेमरी.लो द्या, मेमरीची ओढाताण झाली की कर्नल आधी इतरांची पानं काढतं. आणि बॅकअपची मर्यादा वाढवण्याआधी त्याची मेमरी.इव्हेंट्स ही फाइल वाचा. तिथे 'मॅक्स'चा आकडा कितीही वाढलेला असो, 'ओओएम_किल' शून्य असेल आणि बॅकअप वेळेत संपत असेल, तर ५१२ एमबी पुरेशी आहे.