चंद्यातून घेतलेली युद्धनौका

'मुआवनत' म्हणजे मदत, हे आपल्या घरांतील उर्दू जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. याच शब्दावरून नाव ठेवलेल्या एका तुर्की युद्धनौकेची हकिकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

उस्मानी सल्तनतीचे आरमार तेव्हा फार दुबळे झाले होते. म्हणून १९०९ साली इस्तंबूलमध्ये आरमारासाठी चंदा गोळा करणारी संस्था निघाली. त्या पैशातून पुढच्याच वर्षी जर्मनीकडून चार विनाशिका घेण्यात आल्या. त्यांतील एक 'मुआवनत-ए-मिल्लिये', म्हणजे राष्ट्राची मदत. लोकांच्या चंद्याचा हातभार लागलेल्या मोठ्या युद्धनौका इंग्लंडमध्येही तयार होत होत्या. पण ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्या जप्त केल्या. तुर्की लोकांच्या मनाला हा घाव फार लागला.

मे १९१५. दर्रा-ए-दानियालच्या तोंडाशी, गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर लढाई पेटलेली. 'गोलायथ' ही ब्रिटिशांची सुमारे १३ हजार टनांची युद्धनौका तुर्की मोर्चांवर तोफा डागत असे. १२ मेच्या रात्री आठशे टनांहूनही लहान असलेली 'मुआवनत' अहमद साफेत यांच्या हाताखाली अंधारात, किनाऱ्याच्या कडेकडेने निघाली. सोबत एक जर्मन अधिकारी होता. मध्यरात्रीनंतर 'गोलायथ'वरून दिव्याने ओळख विचारली गेली. 'मुआवनत'ने तीच खूण उलट दाखवली आणि तीन पाणतीर सोडले. तिन्ही लागले. काही मिनिटांत जहाज उलटून बुडाले. साडेसातशेपैकी सुमारे ५७० माणसे, कप्तानासह, गेली.

ही हकिकत वाचताना छाती फुगते, हे आम्ही नाकारत नाही. गरिबांच्या चंद्याचे चीज झाले. पण त्या ५७० जणांच्याही आया होत्या. आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. त्याच किनाऱ्यावर ब्रिटिश फौजेच्या खेचर दलात हिंदुस्थानी मुसलमानही होते. गोळ्यांच्या माऱ्यातून ते दाणागोटा आणि दारूगोळा वाहत होते. समोरच्या खंदकांतून येणारी अजान त्यांच्याच दीनची होती. त्यांच्या मनात काय चालले असेल?

१९५३ साली 'मुआवनत' मोडीत निघाली. ही गोष्ट मुलांना सांगाल तेव्हा, जहाजाबरोबर त्या खेचरवाल्यांचीही आठवण काढा, एवढेच आमचे सांगणे.