काळ्या रानातला लेआउट

सकाळी 6
मे महिन्यात उमरीत लेव्हलचं काम दहाच्या आत उरकावं लागतं. नंतर उन्हाच्या झळांनी दुर्बिणीतून मोजकाठीवरचे आकडे नाचायला लागतात. आज तीन एकरांवर साठ प्लॉटचा लेआउट आहे. पण लेव्हल लावण्याआधी मी पाणी किती मुरतं ते बघायच्या खड्ड्यांकडे जातो. काल संध्याकाळी वीतभर रुंद, मीटरभर खोल तीन खड्डे घेतले. त्यांच्या कडा खरवडल्या, तळाला खडी टाकली आणि 30 सेंटिमीटर पाणी भरून रात्रभर ठेवलं. आता पाणी खडीवर 15 सेंटिमीटर राहील असं करून दर अर्ध्या तासाने पट्टी लावायची.

7.30
जमिनीचे मालक, त्यांना मी मामाच म्हणतो, चहा घेऊन आलेत. त्यांनी शेजारच्या भेगेत घागर रिकामी केली. पाणी बघता बघता गायब झालं.
"बघा की साहेब, किती जिरायलंय! प्रत्येकाला शोषखड्डा द्या अन् मोकळे व्हा."
"मामा, ते मुरलं नाही, भेगेतून खाली गेलं. मृगाचा पाऊस पडला की भेगा मिटतात. तेव्हा काय करायचं?"
उन्हाळ्यात आमची काळी माती सगळ्यांनाच फसवते. ओली झाली की ती फुगते, भेगा बुजतात आणि पाणी वरच तुंबतं. म्हणून तर खड्डा रात्रभर भिजवायचा आणि फुगलेल्या मातीची चाचणी घ्यायची.

10
चार तास झाले. शेवटच्या अर्ध्या तासात पाणी चार मिलिमीटर उतरलं. म्हणजे 25 मिलिमीटर उतरायला तीन तासांच्या वर लागणार. सेप्टिक टँकच्या भारतीय मानकात, आयएस 2470 मध्ये, 60 मिनिटांच्या वर वेळ लागला तर शोषखड्ड्याचा नाद सोडायला सांगितलंय. तिन्ही खड्ड्यांत थोड्याफार फरकाने तेच निघालं. मामांना पट्टी हातात देऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लावलं.

मातीपेक्षा मला बोअरची धास्ती जास्त. त्याच मानकाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर लांब हवा. इथे प्लॉट नऊ मीटर रुंद आणि चौदा मीटर लांब. घरोघरी बोअर होणार. स्वतःच्या बोअरपासूनच तेवढं अंतर मिळत नाही, मग शेजाऱ्याच्या बोअरचं काय? काळी माती संपली की खाली मुरूम आणि काळा दगड. मैला खाली गेला तर दगडातल्या फटींतून तो कोणाच्या बोअरमध्ये निघेल, हे नकाशावर दाखवता येत नाही. पाण्यातला नायट्रेट उकळून जात नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. अजून घरंच नसलेल्या लेकरांचा हा प्रश्न आज या रानात सुटतो किंवा कायमचा अडकतो, असं मला मनापासून वाटतं.

दुपारी 1
ऑफिसात कूलरपुढे हिशेब. साठ घरं, घरी पाच माणसं, माणशी 135 लिटर, त्यातलं 80 टक्के बाहेर येतं असं धरायचं. दिवसाला 32,400 लिटर. यात संडासाबरोबर मोरीचं आणि स्वयंपाकघराचं पाणीही आलं. आपल्याकडे फक्त संडासाचं पाणी टाकीत जातं, बाकीचं सगळं नालीत. डास तिथेच होतात.

माझा आराखडा असा: सेप्टिक टँक प्रत्येक घराची राहील, पण तिचं पाणी जमिनीत सोडायचं नाही. ते रस्त्याखालच्या 150 मिलिमीटरच्या पाइपात घ्यायचं. ठिकठिकाणी चेंबर. उतार दीडशेला एक. 300 मीटरच्या लाइनला दोन मीटर उतार लागतो. जमीन सपाट धरली, तर वरच्या टोकाला मीटरभर खोल असलेली लाइन शेवटी तीन मीटर खाली जाते. काळ्या मातीत इतका खोल चर ढासळतो, म्हणून आधार देऊनच माणूस आत उतरवायचा. पाइपाभोवती मुरूम भरायचा. नाहीतर माती फुगून-आकसून जोड उघडतात.

शेवटी, सगळ्यात खोलगट कोपऱ्यात, आडव्या भिंतींची बंद टाकी आणि तिच्यापुढे कर्दळ लावलेला खडीचा वाफा. तिथून निघालेलं पाणी झाडांना.

संध्याकाळी 5
खोलगट कोपरा म्हणजे ईशान्येचे दोन प्लॉट, आणि त्यांना आधीच गिऱ्हाईक आहे. मामा तापले.
"दोन प्लॉट घाण पाण्याला? अन् दहा टक्के मोकळी जागा सोडलीच आहे की!"
मोकळी जागा देवळाशेजारी, उंचवट्यावर आहे. तिथे पाणी चढवायचं तर पंप आला, त्याचं बिल आलं, आणि वीज गेली की सगळं उलट घरात. मी दोन्ही नकाशे टेबलावर ठेवले. बराच वेळ बोलणं झालं. प्लॉट विकून झाल्यावर ही जागा कुठूनही मिळत नाही, एवढंच मी धरून बसलो.

7
मामांनी प्लॉट सोडले, अट घालून: पुढचा खर्च त्यांच्या गळ्यात नको. रास्त आहे. टाक्या वेळेवर उपसल्या नाहीत तर गाळ पाइपात येऊन सगळं बंद पडेल. साताऱ्यातल्या वाईत आणि नाशिकजवळच्या सिन्नरमध्ये नगरपरिषदा दर तीन वर्षांनी क्रमाक्रमाने टाक्या उपसून घेतात. आपण कोणाची वाट न बघता तोच नियम प्लॉटधारकांच्या संस्थेला लावू. काम यंत्राच्या गाडीनेच. सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी मी उतरू दिला नसता.

आता खरेदीखतासाठी दोन कलमं लिहायला घेतलीत: शोषखड्डा खोदायचा नाही, आणि तीन वर्षांनी टाकी उपसल्याची पावती संस्थेला द्यायची. उद्या वकिलांना दाखवून घेऊ.