निजामपुऱ्याचा नकाशा

भिवंडीच्या शाखेत अधिकारी होतो, तेव्हा निजामपुऱ्याच्या गल्लीत शिरलो की बोलणे बंद व्हायचे. यंत्रमागांच्या खडखडाटात सगळा व्यवहार हातवाऱ्यांनी चाले. तिथले एक कर्जदार, मी त्यांना चाचा म्हणतो, ते मला अजून साहेबच. हप्ता त्यांचा कधी चुकला नाही. दम मात्र लागू लागला. चाळीस वर्षांची कापसाची धूळ आणि वर बिडी.

गेल्या वर्षी हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी एक्स-रे काढला, तर उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग. एका डॉक्टरांनी टीबीची औषधे लिहून दिली. आपल्याकडे छातीतला डाग म्हटला की आधी टीबीच आठवतो. मुलीने हट्ट धरला म्हणून सीटी स्कॅन झाला, सुईने तुकडा काढून तपासला. कर्करोग निघाला. गाठ दीड सेंटिमीटरची.

उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, त्यांचे दहा उपखंड. अख्खा खंड काढावा हा पायंडा १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या अभ्यासाने पक्का केला होता. पण अख्खा खंड गेल्यावर चाचा जिना कसा चढणार? जपानमधल्या १,१०६ रुग्णांच्या अभ्यासाने २०२२ मध्ये वेगळे चित्र दाखवले. कडेच्या, दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी फक्त उपखंड काढलेल्यांपैकी पाच वर्षांनी ९४.३ टक्के हयात होते. खंड काढलेल्यांपैकी ९१.१. मात्र गाठ तिथेच परत येण्याचे प्रमाणही जास्त : १०.५ टक्के, तिकडे ५.४. म्हणजे थोडेच कापायचे, पण नेमके.

आणि नेमके कापणेच कठीण. उपखंडांवर आखलेली रेघ नसते, रक्तवाहिन्यांच्या फांद्या माणसागणिक वेगळ्या, शिवाय शस्त्रक्रियेत फुप्फुसातली हवा काढली की ते चेपून जाते. इथे कृत्रिम बुद्धिमत्ता कामाला येते. सीटीच्या शेकडो चकत्यांवरून संगणक श्वासनलिका, रोहिण्या आणि शिरा वेगवेगळ्या रंगांत उभ्या करतो. पूर्वी हे काम हाताने करायला तासन् तास जात. सर्जनबाईंनी आम्हाला पडद्यावर ते झाड फिरवून दाखवले. एका ठिकाणी थांबून म्हणाल्या, "ही शीर त्याने शेजारच्या उपखंडात धरली आहे, मी दुरुस्त केली." मला आमच्या बँकेत संगणक आला तेव्हाची आठवण झाली. युनियनचा विरोध मावळला, तरी दिवसअखेरचा मेळ आम्ही हाताने तपासूनच सही करत असू. एखादी रक्कम भलत्याच खात्यात जमा झालेली सापडे, ती सांगणारा माणूसच असे.

चाचांनी विचारले, "मशीन कापणार का?"

"नाही चाचा. मशीन रस्ता दाखवणार. कापणार मीच."

शस्त्रक्रियेत त्या उपखंडाची रोहिणी बंद करून शिरेत हिरवे रंगद्रव्य सोडले. खास कॅमेऱ्यात बाकीचे फुप्फुस हिरवे चमकले, काढायचा भाग काळा राहिला. सीमा नकाशाशी जुळली, असे त्यांनी बाहेर येऊन सांगितले. काढलेल्या तुकड्याच्या कडा तपासणीत स्वच्छ निघाल्या.

परवा निजामपुऱ्यात गेलो होतो. चाचा मागांपासून लांब, ओट्यावर बसले होते. दर सहा महिन्यांनी स्कॅन आहे, पुढच्याची तारीख मुलीने भिंतीवर लिहिली आहे. फुप्फुसाची ती रंगीत छापील प्रत त्यांनी फेडलेल्या कर्जाच्या कागदांच्या फाईलमध्येच ठेवली आहे. दाखवायला उठले, जिना चढून वर गेले, मध्ये एकदाच थांबले.