मगर वाळते तेव्हा

महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूरकडून दगडगोट्यांवरून खळाळत येते आणि महाडला पोचताच तिची चाल बदलते. समुद्र राहिला लांब बाणकोटला. तरी भरतीचं पाणी खाडीतून थेट इथवर चढतं आणि ओहोटीला चिखलाचे काठ उघडे पडतात. त्या काठांवर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. प्राणी रंगवणाऱ्याला एवढा स्थिर बसणारा मॉडेल दुसरा मिळायचा नाही. अडचण एकच: मगर हलत नाही, पण तिचा रंग हलतो.

पाण्यातून नुकतीच वर आलेली मगर जवळजवळ काळी दिसते. ऊन लागलं की तीच पाठ मातकट, राखाडी होत जाते. शेजारचा चिखलही तसाच उजळतो. पाण्याला स्वतःचा रंग जवळजवळ नाहीच. मग ते लागल्यावर वस्तू गडद का व्हावी?

कोरड्या चिखलात कणाकणांच्या फटींत हवा असते. हवेतून कणात शिरताना प्रकाश जोरात वळतो, कणागणिक विखुरतो आणि त्यातला बराचसा आपल्या डोळ्यांकडे परत येतो. प्रकाश वळवण्याच्या या क्षमतेला अपवर्तनांक म्हणतात: हवेचा १, पाण्याचा १.३३, मातीतल्या बहुतेक खनिजांचा दीडच्या आसपास. फटींत पाणी भरलं की कण आणि भोवताल यांतला फरक घटतो. प्रकाश कमी विखुरतो, आत खोल उतरतो आणि तिथेच जिरतो. परत येणारा उजेड कमी, म्हणून चिखल काळा.

आता गंमत बघा. नदीकाठी जे घडतं तेच चित्रकाराच्या मांडीवरच्या कागदावरही घडत असतं. जलरंग म्हणजे रंगाची बारीक पूड आणि बाभळीच्या जातभाईंचा डिंक. ओला असताना तो गडद, रसरशीत दिसतो. पाणी उडून फटींत हवा शिरली की फिका पडतो. म्हणून जाणता चित्रकार दिसतो त्याहून एक पायरी गडद रंग लावतो. पावसाळ्यात कोकणच्या दमट हवेत वॉश, म्हणजे रंगाचा पातळ हात, लवकर वाळत नाही, आणि खरा रंग कळायला थांबावंच लागतं.

तरीही प्रवासात जलरंगच सोयीचे. ईस्ट इंडिया कंपनीचा तरुण कारकून जेम्स फोर्ब्स १७७१च्या सुमारास याच खाडीने दासगावला आला, तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी. हिंदुस्थानातल्या वास्तव्यात तो पक्षी, प्राणी, झाडं, किनारे, किल्ले रंगवत राहिला. त्याच्या टिपणांची आणि चित्रांची मिळून दीडशे बाडं झाली, सुमारे ५२,००० पानांची. त्यांतून निवडलेला मजकूर १८१३पासून ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ या नावाने चार खंडांत छापला गेला.

तैलरंगात पूड तीच असू शकते. फक्त डिंकाच्या जागी जवसाचं तेल येतं. हे तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं, त्याचे रेणू एकमेकांना जखडले जातात आणि त्याची घट्ट कातडी तयार होते. वाळताना त्याचं वजन घटण्याऐवजी आधी वाढतं! तेलाचा अपवर्तनांक १.४८च्या आसपास, खनिजांच्या अगदी जवळ. आणि फटींत हवा शिरायला वावच नाही. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचं तैलचित्रही ओलं वाटतं. पाण्यातून आत्ताच बाहेर आलेली मगर तैलरंगात सहज साधते ती यामुळे.

मग उन्हात वाळलेली मगर, किंवा तिच्या शेजारचा पांढराशुभ्र बगळा? जलरंगात बगळा रंगवायचाच नसतो. भोवतीचा चिखल रंगवायचा आणि बगळ्यापुरता कागद कोरा ठेवायचा. तैलरंगात पांढरा लावावाच लागतो, पण कुठलाही चालत नाही. खडूची पूड जवसाच्या तेलात कालवून पाहा: शुभ्रपणा जातो आणि मळकट, अर्धपारदर्शक लगदा उरतो, कारण दोघांचे अपवर्तनांक जवळजवळ सारखे. टिटॅनियम व्हाइटचा मात्र अडीचच्याही वर, तेलाहून खूप पुढे. त्यामुळे तेलात बुडूनही तो प्रकाश उधळत राहतो. कॅनव्हासवरची मगर वाळवायला ऊन कामाचं नाही. तिथे हा पांढराच लागतो.