अंगावर काढलेला ताप

२८ मार्च २०२० रोजी जळगावात कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला, एप्रिलमध्ये धुळ्यात. तेव्हा लोकांना लक्षणं तीनच ठाऊक होती: ताप, कोरडा खोकला, दम. वास-चव जाणं केंद्राच्या यादीत आलं जूनमध्ये. तोवर जळगावचं नाव देशभर झालं होतं. देशात शंभर बाधितांमागे तिघांहून कमी दगावत होते, इथे दहाहून जास्त.

कारणं अनेक होती. त्यातलं एक आपल्याच घरातलं: दुखणं अंगावर काढणं. खानदेशात मे महिन्यात पारा ४३-४४च्या घरात. ताप आला की ‘ऊन लागलं’ म्हणून कैरीचं पन्हं. उतरला नाही तर गल्लीतल्या डॉक्टरकडे एक सलाईन. त्यात दवाखान्याची धास्ती. जळगावच्या शासकीय रुग्णालयातून २ जूनपासून बेपत्ता असलेल्या ८२ वर्षांच्या आजींचा मृतदेह १० जूनला तिथल्याच शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांचं निलंबन झालं, पण त्यानंतर म्हाताऱ्या आईबापांना तिथे न्यायला कुणाचा पाय उचलेल?

आणि हा आजार फसवा. जीव गुदमरल्याची जाणीव मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते. कोरोनात सुरुवातीला तो बाहेर पडत राहतो आणि ऑक्सिजन मात्र घसरतो. त्यामुळे ऑक्सिजन पंच्याऐंशीवर आलेला माणूसही ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणत खाटेवर बसलेला असे.

१५ सप्टेंबर २०२०ला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. आरोग्यसेविका, आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या. नखावरचं नेलपॉलिश पुसायचं, गार बोट चोळायचं, आकडा स्थिरावू द्यायचा. ९५च्या खाली गेला की पुढे पाठवायचं. सहा मिनिटं चालून पुन्हा मोजायचं, हेही लोक शिकले. २०२१च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत खाटांसाठी वणवण झाली, तेव्हा वेळीच निघालेल्यांना त्या शिकण्याचा आधार होता.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. विषाणू गेलेला नाही. साठीपुढच्यांनी, मधुमेहींनी आणि गरोदर बायांनी ताप-खोकला सुरू होताच डॉक्टरांना दाखवावं. बाकीच्यांनी ताप तीन दिवसांत उतरला नाही तर थांबू नये. दम लागणं, छातीत दाब, ओठ निळसर पडणं, बोलण्यात भ्रम किंवा ऑक्सिजन ९४च्या खाली, यांपैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठायचं, रात्र असली तरी. घरातल्या आजारी माणसाला नुसतं ‘बरं वाटतंय का?’ विचारू नका. तो एका दमात वाक्य पुरं करतो का, ते ऐका.